पेशींची वामकुक्षी

माझ्या नवऱ्याचा शोध असा होता की दुपारी एक वाजला की पेशी झोपतात. माणसं नव्हे, पेशी. काचेच्या बशीत ठेवलेल्या, डोळे नसलेल्या, घड्याळ नसलेल्या, ज्यांना ना घर ना दार, अशा पेशी. सकाळभर त्या मिळालेलं अन्न जाळून ऊर्जा खर्च करतात आणि एक वाजला की जाळणं कमी करून उरलेल्या अन्नाचे चरबीचे बारीक थेंब करून पोटात ठेवतात. थोड्या वेळाने पुन्हा उठून कामाला लागतात. त्याने याला नाव दिलं 'पेशींची वामकुक्षी', आणि ते नाव असं चिकटलं की लोकांना शोध नीट समजला नाही तरी नाव मात्र पाठ झालं.

मीही त्याच धंद्यातली. पेशी ऊर्जा कशी साठवतात यावरच माझं पोट चालतं, फक्त संस्था वेगळी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या राहिल्या, कारण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आम्ही ठरवलं की पेशी घरात आणायच्या नाहीत. घरात नळ गळतो का, दूध आहे का, एवढंच बोलायचं. मला हा शोध मनातून जरा जास्तच गोड वाटायचा, पण मी गप्प बसायचे. करार म्हणजे करार.

सासूबाईंना मात्र करार लागू नव्हता. त्या जेवल्यावर डाव्या कुशीवर तासभर झोपतात आणि आयुष्यभर त्याबद्दल बोलणी खात आल्या आहेत. मुलाने जगाला सिद्ध करून दाखवल्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. "माझ्यावर गेल्यात त्या पेशी," त्या फोनवर प्रत्येकाला सांगत.

शोधात बारीकसारीक गमतीही होत्या. सुट्टीच्या दिवशी पेशींना झोप नीट लागत नसे. नवऱ्याने त्यावर वेगळा लेख लिहिला, की पेशींना आठवड्याचे वारही कळतात. त्याच्या विभागप्रमुखांच्या वाढदिवशी पेशी पार चारपर्यंत झोपल्या होत्या. त्या एका दिवसाला मात्र त्याने तळटीप दिली आणि पुढे गेला. दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगशाळेने कळवलं, की आमच्या पेशी बाराला झोपतात. नवरा आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. "बघ, पेशी जिथे राहतात तिथली वेळ पाळतात!" तो दारातच म्हणाला. करार मोडला होता, पण त्याचा चेहरा बघून मी दूध आणायला निघून गेले.

आता मुद्द्याचं. त्याचं पद तात्पुरतं होतं. सहा वर्षं तो दरवर्षी त्याच खुर्चीसाठी नव्याने अर्ज करत होता. या वर्षी विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "यंदाच्या परिषदेत तुझा शोध टिकला, तर पद कायम. नाही टिकला, तर पुढच्या अर्जाचा कागदही वाया घालवू नकोस." साहेब स्वतः परिषदेला येणार होते. त्यामुळे आमच्या घरात महिनाभर नळ गळत होता आणि त्याकडे कोणी बघत नव्हतं.

आमची परिषद दोन वर्षांतून एकदा भरते. जगभरातले पेशींच्या ऊर्जेवर काम करणारे लोक एका जुन्या विद्यापीठाच्या हॉलमध्ये जमतात आणि तीन दिवस भांडतात. यात दोन पंथ आहेत. साठवणवाले म्हणतात, पेशीचं खरं कौशल्य ऊर्जा राखून ठेवण्यात. खर्चवाले म्हणतात, राखून काय करायचंय, जाळते ती जगते. माणसंही तशीच. साठवणवाल्यांच्या पिशवीत चहाबरोबर मिळालेली बिस्किटं कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली असतात. खर्चवाले पहिल्या दिवशी दुपारीच दुसऱ्याचं पेन मागायला लागतात. मी साठवणवाली आहे, आणि हे मी लपवत नाही.

परिषद सुरू केली ती आजोबांनी. ते कोणाचेच आजोबा नाहीत, पण सगळे त्यांना तसंच म्हणतात. पहिल्या रांगेत डोळे मिटून बसतात, आणि ते झोपलेत असं समजून ज्यांनी थापा मारल्या त्यांची करिअर तिथेच संपल्याचं आम्ही पाहिलंय. आजोबांचे दोन नियम आहेत. पहिला, दाखवा आणि मग बोला. ज्याचा दावा मोठा, त्याने आपल्या पेशी आणि मशीन पहिल्या सकाळी मंचावर आणून लावायचं. मशीन पेशींनी किती प्राणवायू घेतला ते मोजतं, आणि ती रेघ तिन्ही दिवस बाजूच्या पडद्यावर सगळ्यांसमोर चालत राहते. रेघ वर म्हणजे पेशी खर्च करतायत, खाली म्हणजे आराम. दुसऱ्याचं व्याख्यान चालू असलं तरी लोकांचं अर्धं लक्ष त्या रेघेवर.

दुसरा नियम, व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न अध्यक्षाने विचारायचा, आणि तो सर्वांत अवघड असला पाहिजे. "पहिला सोपा विचारला," आजोबा म्हणतात, "की मागचे सगळे शिष्टाचार पाळत बसतात." अध्यक्ष कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. एका जुन्या टोपीत सगळ्यांची नावं.

पहिल्या सकाळी आजोबांनी टोपीत हात घातला आणि नवऱ्याच्या सत्रासाठी माझी चिठ्ठी काढली.

"आली का पंचाईत!" मी मोठ्याने म्हणाले. मग उभी राहून म्हणाले, "आजोबा, हे बरोबर नाही. तो माझा नवरा आहे."

"मग तर उत्तमच," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "नवऱ्याला बायकोइतका अवघड प्रश्न दुसरं कोण विचारणार?"

हॉल खदाखदा हसला. नवरा सगळ्यांत जास्त हसला. तो तेव्हा मंचावर गुडघे टेकून त्याच्या मशीनचा प्लग लावत होता. मंचावरचं सॉकेट बंद पडलेलं निघालं, म्हणून त्याने एक लांब वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली आणि बाहेरच्या मोठ्या खोलीतल्या बोर्डात खोचली. त्या खोलीत जेवणाची टेबलं मांडलेली होती.

दुपारी माझ्या घशाला कोरड पडली म्हणून मी पाणी प्यायला बाहेर आले. केटरर आपल्या माणसांवर ओरडत होता. टेबलावर अन्न गरम ठेवायची विजेची मोठी भांडी ओळीने मांडली होती, सूप, बटाटे, भात. केटररने घड्याळ बघितलं आणि सगळ्यांचे प्लग एकामागोमाग एक बोर्डात खोचले. छतावरचे दिवे क्षणभर मंद झाले. मी पाण्याचा घोट घेतला. आणि आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला.

मी दार ढकलून आत गेले. पडद्यावरची रेघ खाली उतरत होती. एक वाजला होता. पेशी झोपल्या होत्या, सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि माझा नवरा मंचाच्या कडेला हात जोडून उभा होता, कान लाल झालेले. साहेब पुढच्या रांगेत मान डोलावत होते.

मी मंचावरच्या त्या लांब वायरीकडे बघितलं.

मशीनमध्ये एक छोटा हीटर असतो, पेशींना अंगाच्या उबेत ठेवायला. मशीन जुनं असलं, आणि नवऱ्याच्या संस्थेचं मशीन जुनंच होतं, तर त्याच्या तोंडावर जो आकडा दिसतो तो आपण मागितलेल्या उबेचा, आत खरोखर असलेल्या उबेचा नव्हे. वीज कमी पडली की हीटर मलूल होतो, पेशी जराशा गारठतात, आणि गारठलेली पेशी खर्च आवरते. हे आमच्या धंद्यात पोराटोरांना ठाऊक आहे. मशीन आणि सूप एकाच बोर्डावर होतं, एवढंच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग मला त्याची प्रयोगशाळा आठवली. मी तिथे शंभरदा गेलेय. मशीन भिंतीला लागून. भिंतीच्या पलीकडे जेवणाची खोली, आणि त्या भिंतीला चिकटूनच विभागाचा मायक्रोवेव्ह. एकला सगळा विभाग डबे घेऊन रांगेत उभा राहतो. सुट्टीच्या दिवशी कोणी नसतं. आणि साहेबांच्या वाढदिवशी चारपर्यंत जेवण चाललं होतं, मीच होते की तिथे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. सहा वर्षं.

पण मी स्वतःला समजावलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. केटररला उशीर झाला होता, ट्रे घेऊन येणारी गाडी कुठेतरी अडकली होती, आणि तो फोनवर कोणाच्या तरी सात पिढ्या उद्धरत होता. एक वाजून गेला तरी आतून टाळ्या नाहीत. मी दाराच्या फटीतून बघितलं. रेघ सरळ. लोक कुजबुजत होते. मग भांडी आली, प्लग लागले, दिवे मंदावले, टाळ्या पडल्या. "परक्या जागी जरा उशिरा झोप लागते," कोणीतरी आत म्हणालं, आणि हशा पिकला.

आता मला त्याला सांगायचं होतं. सांगायलाच हवं होतं. पण त्या दिवशी नवरा सापडेल तर शपथ. चहाला गेलं, तर त्याच्याभोवती दहा माणसं. जिन्यात गाठलं, तर साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून पुढच्या पाच वर्षांचा बेत सांगत होते. "एक मिनिट बोलायचंय," मी म्हणाले.

"अगं, बोल ना," तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाई होत्या. "आईला टाळ्यांचा आवाज ऐकायचाय," तो म्हणाला, "तिला सांगितलं उद्या एक वाजता फोन चालू ठेवतो."

तिसऱ्या सकाळी अतिथिगृहाच्या खोलीत तो शर्टाला इस्त्री करत होता. निळा शर्ट, मीच घेतलेला. तो गुणगुणत होता. हा माणूस सहा वर्षांत गुणगुणला नव्हता. दर वर्षी अर्जाच्या महिन्यात त्याला रात्री दात खायची सवय लागली होती, आणि मी शेजारी पडून ते ऐकत असे.

"अरे, ऐक ना," मी म्हणाले. "तुझ्या पेशींबद्दल."

त्याने इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "आज नको," तो म्हणाला. "आज संध्याकाळी घरात पेशी आण, टोपलीभर आण. पण आत्ता काही बोललीस ना, तर मी कॉलर जाळीन."

 धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मला त्याचा राग आला, स्वतःचा राग आला, आणि त्या केटररचाही आला, ज्याचा काही संबंध नव्हता.

त्याचं व्याख्यान जेवणाच्या आधी ठेवलेलं होतं, मुद्दामच. शेवटचं वाक्य संपायला आणि पेशी झोपायला गाठ पडावी, असा त्याचा बेत होता. तो फार छान बोलला. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत होते. सुट्टीच्या दिवसाचा आलेख दाखवला तेव्हा लोक हसले, तळटीपही दाखवली आणि म्हणाला, "हा एक दिवस मला अजून कळलेला नाही." मला वाटलं, उठून त्याला मिठी मारावी किंवा तोंड दाबावं. साहेब घड्याळ बघून खुशीत होते. मंचाच्या कोपऱ्यात त्याचा फोन टेबलावर ठेवलेला होता, आणि पलीकडे सासूबाई ऐकत होत्या.

टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिला प्रश्न माझा.

मी माइक पुढे ओढला. प्रश्न माझ्या जिभेवर होता, दोन ओळींचा. मी त्याच्या निळ्या कॉलरकडे बघितलं आणि म्हणाले, "या पेशी आपण कुठून आणल्या?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. असला प्रश्न पहिल्या वर्षाचे विद्यार्थी विचारतात. कोणीतरी मागून "अरेरे" म्हणालं. आजोबांनी एक डोळा उघडला.

नवरा उत्तर द्यायला वळला, तोंड उघडलं, आणि थांबला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, आणि त्याच्या जागी मी फार कमी वेळा पाहिलेलं काहीतरी आलं, भीतीच ती.

"आजोबा," तो माइकमध्ये म्हणाला, "या बाईंशी माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली. यांनी मला आजवर एकही सोपा प्रश्न विचारलेला नाही. घराची किल्ली कुठे आहे, हासुद्धा यांचा प्रश्न अवघड असतो. आज यांनी सोपा विचारला. म्हणजे माझ्या कामात मोठं भोक आहे, ते यांना दिसलंय, आणि यांना माझी दया आली आहे." तो माझ्याकडे वळला. "दया नको. खरा प्रश्न विचार."

कोणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि मला ते अजिबात आवडलं नाही, चारशे लोकांसमोर.

"ठीक आहे," मी म्हणाले. "जेवण एक तास उशिरा ठेवलं, तर पेशी कधी झोपतील?"

आधी कोणालाच कळलं नाही. मग मी वायर दाखवली, दाराची फट दाखवली, बोर्ड सांगितला, भांडी सांगितली. मायक्रोवेव्हचं मी काही बोलले नाही. पण नवऱ्याने हळूच डोळे मिटले, आणि मला समजलं की तो आत्ता मनाने आपल्या प्रयोगशाळेत उभा आहे, भिंतीकडे तोंड करून.

"उत्तर द्या," आजोबा म्हणाले. दोन्ही डोळे उघडे.

"उत्तर मला माहीत नाही," नवरा म्हणाला. "बघावं लागेल. जेवण दोनला."

यावर हॉलमध्ये जो गदारोळ उडाला तो शोधापेक्षा मोठा होता. आमच्या धंद्यातली माणसं पेशीला उपाशी ठेवून तिचं काय होतं यावर आयुष्य घालवतात, पण स्वतःवर वेळ आली की आधी पोटोबा. एक खर्चवाला उभा राहून म्हणाला, की हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे. दुसरा म्हणाला, त्याला साखरेचा त्रास आहे, आणि त्याच्या बायकोने शेजारून सांगितलं की नाही आहे. आजोबांनी काठी आपटली. "दारं बंद," ते म्हणाले. "केटररला सांगा, प्लगला हात लावशील तर याद राख."

बाहेरून केटररचा आवाज आला. त्याने काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

एक वाजला. सगळे रेघेकडे बघत होते. रेघ सरळ चालली होती. नवरा मंचाच्या पायरीवर बसला होता, कोपर गुडघ्यावर, हनुवटी हातात. मीही खुर्चीवरून उतरून त्याच्यापासून थोडी लांब बसले. जवळ बसायची हिंमत होईना.

वेळ जाता जाईना. लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि शांततेत ते खरोखर ऐकू येत होते. मग हॉलच्या डाव्या बाजूने कागदाची सळसळ सुरू झाली. साठवणवाल्यांनी पिशव्या उघडल्या. तीन दिवसांची बिस्किटं रुमालातून बाहेर आली. खर्चवाले बघत राहिले. तिसऱ्या रांगेतल्या एका खर्चवाल्या प्राध्यापकाने, ज्याने माझ्या मागच्या लेखाची जाहीर चिरफाड केली होती, माझ्याकडे वळून अगदी लाघवी आवाजात विचारलं, "बाई, आपल्याकडे एखादं जास्तीचं आहे का?" मी त्याला एक दिलं. अर्धं. साहेबांनी काहीच खाल्लं नाही, नुसते बसून राहिले, आणि त्यांच्याकडे बघायला मला धीर होईना.

रेघ सरळच.

फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "काय रे, झोपल्या का?"

"नाही गं आई," नवरा म्हणाला. "तू झोप."

दोन वाजले तेव्हा आजोबांनी स्वतः दार उघडलं. "चालू दे तुझं," ते केटररला म्हणाले. केटरर इतका पेटला होता की त्याने सूप, बटाटे, भात, चहाची मोठी किटली, जे जे म्हणून सापडलं ते सगळं एकदम खोचलं. दिवे मंद झाले. आणि पडद्यावरची रेघ आधी थबकली आणि मग खाली, खाली, खाली गेली. वामकुक्षी नव्हे, पेशींना अगदी गाढ झोप लागली. बरोबर दोनला, केटररच्या हुकमाने.



नवरा उठला. बाहेर गेला. त्याने सगळ्या भांड्यांचे प्लग एकेक करून काढले आणि दारात उभा राहून पडद्याकडे बघत राहिला. जरा वेळाने रेघ वर चढू लागली. तो आत आला आणि माइकसमोर उभा राहिला. निळा शर्ट पाठीवर घामाने काळा झाला होता.

"पेशी दुपारी झोपत नाहीत," तो म्हणाला. "आमचा विभाग दुपारी जेवतो. सहा वर्षं मी आमच्या मायक्रोवेव्हचा अभ्यास केला, आणि तो फार बारकाईने केला, असं मला आजही वाटतं. पेशींना वार कळत नाहीत. सुट्टीच्या दिवशी डबे गरम करायला कोणी नसतं. आणि तो तळटिपेतला दिवस आमच्या साहेबांचा वाढदिवस होता. जेवण चारपर्यंत चाललं. साहेब, जेवण उत्तम होतं."

पहिल्यांदा आजोबा हसले. त्यांचं हसू खोकल्यासारखं असतं, त्यामुळे आधी सगळे घाबरले. मग हॉल हसला, आणि ते हसणं वाईट नव्हतं. ज्यांनी ज्यांनी कधी मशीनवर विश्वास ठेवला होता ते सगळे त्यात होते, आणि आमच्यात न ठेवलेला कोण आहे? दुसऱ्या देशातला तो बारावाला शास्त्रज्ञ उठला आणि तांबडालाल होऊन म्हणाला, "आम्ही बाराला जेवतो." त्यानंतर हसून हसून लोकांनी बाकं बडवली.

मग सगळे जेवायला बाहेर पडले. भांड्यांचे प्लग नवऱ्याने काढले होते, त्यामुळे सूप गार, बटाटे गार, भात दगड. कोणी तक्रार केली नाही. साठवणवाले आणि खर्चवाले एका ओळीत उभे राहून गिळत होते.

साहेब ताट घेऊन नवऱ्याकडे आले. मी कान टवकारले. "कायम करता येणार नाही," साहेब म्हणाले. "ते तुलाही माहीत आहे. शोध गेला."

"हो," नवरा म्हणाला.

"पण एक वर्षाचा अर्ज कर. मी सही करतो." साहेबांनी बटाटा चावायचा प्रयत्न केला. "चूक सगळ्यांचीच होते. ती माइकवर मागून घेणारे थोडे. आणि परत गेल्यावर पहिल्याच दिवशी तो मायक्रोवेव्ह तिथून हलव."

म्हणजे पुन्हा एक वर्ष, पुन्हा अर्ज, पुन्हा दात खाणं.  मला वाटलं होतं की मी रडेन, पण मला फक्त खूप दमल्यासारखं झालं.

मंचावरचा फोन त्याने हातात घेऊन आणला होता, अजून चालूच. "अहो आई," मी तो त्याच्याकडून घेऊन म्हणाले, "ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आता मी झोपायचं नाही का?"

"तुम्ही झोपा हो. तुम्हाला कुठे पुरावा लागतोय?"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवऱ्याने दोन ताटं आणली. एक माझ्यापुढे ठेवलं, माझ्या ताटात बटाटे जास्त वाढलेले, मला आवडतात म्हणून, गार असले तरी. आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. बराच वेळ तो नुसता भात चिवडत होता. मी शब्द जुळवत होते. सॉरी म्हणावं, की मी काल सांगणार होते म्हणावं, की कॉलरची गोष्ट काढावी.

"एक सांगू?" तो म्हणाला.

"सांग."

"भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह आहे, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"परवापासून. शप्पथ. म्हणजे होता तिथेच, माहीत होतं, पण कळलं परवा."

तो हसला. शोध गेल्यानंतर पहिल्यांदाच, नीट. मग चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पद गेलं त्याचं मी बघून घेईन. पेशींचंही बघून घेईन. पण तू मला पुन्हा कधी सोपा प्रश्न विचारू नकोस. मघाशी तू विचारलास ना, तेव्हा मला वाटलं, माझ्याबद्दल तुला आता काही आशाच उरली नाही."

मी त्याच्या ताटातला बटाटा उचलला आणि खाल्ला.

"घरातला नळ तू कधी दुरुस्त करणार आहेस?" मी विचारलं.

"हां," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. "हा अवघड आहे."